बेबीनंदाताईंची जादा गाडी

जाफराबादच्या बसस्थानकावर अकरा वर्षं मी रोज सकाळी टेंभुर्णीच्या गाडीची वाट पाहिली. तिथल्या शाळेत मी गणित शिकवतो. या अकरा वर्षांत पाटी वाचून गाडीत चढलो, असं फार थोड्या वेळा झालं असेल. कानच सांगायचा. कंट्रोल केबिनमधून बेबीनंदाताई मगरे यांचा आवाज यायचा आणि 'टेंऽऽ' एवढं ऐकलं की आमची सगळी मंडळी पिशव्या उचलायची. पुढचं 'भुर्णी' ऐकायला कुणी थांबत नसे.

ताई वाहतूक नियंत्रक. एसटीत बाया कंडक्टर होऊ लागल्या त्या सुरुवातीच्या काळातल्या. पंधरा-सोळा वर्षं भोकरदन-जालना रस्त्यावर तिकिटं फाडली, मग बढती मिळून केबिनमध्ये आल्या. अंगानं थोराड, तोंडात कायम लवंग, आणि आवाज जात्यात ज्वारी भरडल्यासारखा. एरवी अशा आवाजाला कुणी गोड म्हणणार नाही. पण या बाईनं प्रत्येक गावाला आपली एक चाल लावून ठेवली होती. चिखलीचं नाव दोन फटक्यांत, लाकूड फोडल्यासारखं. देऊळगाव राजाचं लांबलचक, घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर टाकावी तसं. जालना म्हणताना आवाज वर जाऊन तिथंच तरंगत राहायचा आणि मग सावकाश खाली उतरायचा.

एकदा मी विचारलं, "ताई, हे असं गाऊन का सांगता?"

"गाऊन कुठं? सांगतेच की."

"पण चाल असते."

त्या हसल्या. "सर, तो लिंबावरचा भोंगा पाहिला का? तो अक्षरं खातो. सूर न्हाई खात. म्हातारी माणसं, कमी ऐकू येणारी माणसं, त्यांना बराबर कळतं आपली गाडी लागली म्हणून. मंग काय करता?"

सूर ही चीज त्यांच्या घरातलीच होती, हे मला पुढं कळलं. माहेर वाटूरचं. वडील भिवा खरात यांची गायन पार्टी परतूर, मंठा, जिंतूरपर्यंत गाजलेली. चौदा एप्रिलच्या दिवसांत त्यांना महिनाभर घरी जेवायला सवड नसायची. बेबीनंदा नऊ वर्षांची असल्यापासून वडिलांच्या शेजारी उभी राहून भीमगीतं म्हणायची. आवाज बासरीसारखा होता म्हणे. सोळाव्या वर्षी ओळीनं वीस-बावीस कार्यक्रम झाले, त्यात ताप आला, घसा बसला. ताप उतरला, पण गेलेला आवाज आला तो असा भरड होऊन आला. भिवाबाबांनी दोन महिने वाट पाहिली आणि मग माईक धाकट्या मुलीच्या हातात दिला.

"रागावले न्हाई मी," ताई सांगायच्या. "बापाचं बी बराबर होतं. लोक गाणं ऐकायला येतेत, खोकला ऐकायला न्हाई. पण त्या दिवसापासून गाणं म्हटलं न्हाई. एकदा बी न्हाई. पोरांच्या पाळण्याला बी न्हाई. मिथुन झाला तव्हा पाळणा ह्यांनी म्हटला."

'हे' म्हणजे राजानंद, त्यांचे यजमान. पोस्टमन होते, आता रिटायर आहेत. बारीक अंगाचे, बोलके, आणि ताईंवर इतके खूश की बघणाऱ्यालाच लाजायला व्हावं.

दोन वर्षांपूर्वीची थंडी. एका सकाळी रशीदभाई ड्रायव्हर केबिनच्या खिडकीशी आले. मीही तिथंच उभा होतो.

"ताई, तुम्ही जालन्याला नाटकात काम करून राह्यले का?"

"रशीदभाई, सकाळी सकाळी काय लावलं?"

"कसम से. आमची पोरगी मदीहा काल पाहून आली. म्हणती, पडदा उघडायच्या आधी तुमचीच हाळी येते. बिलकुल तुमची. आन् मंग एकदम धडाधड गिटार, ड्रम."

ताईंना वाटलं, रशीदभाई थट्टा करतायत. पण दुपारी मदीहानं फोनवर जाहिरात पाठवली. नाटकाचं नाव 'जादा गाडी'. खाली लिहिलं होतं, 'मराठवाड्याच्या मातीतला रॉक ऑपेरा'. लेखन आणि संगीत साक्षी म्हणून कुणाचं. रविवारी दुपारी पुन्हा प्रयोग होता.

"चला, पाहून येऊ," राजानंद म्हणाले.

"पाहून येऊ न्हाई, इचारून येऊ," ताई म्हणाल्या.

गेले दोघं. अंधार झाला आणि खरंच, ताईंचा आवाज आला. 'जालनाऽऽ' आवाज वर गेला, तरंगला, खाली उतरू लागला, आणि तो उतरायच्या आत एका गिटारनं त्याला मधेच झेललं. तीच चाल, पण दहापट मोठी. मागून ड्रम. उजेड झाला तर समोर बसस्थानक, आणि त्यावर वाट पाहत बसलेली माणसं: नर्सिंगला निघालेली एक मुलगी, बियाण्याचा एजंट, रुसून माहेरी चाललेली बाई, रिटायर झालेला एक कंडक्टर ज्याला घरी बसवत नाही. जादा गाडी येणार असं भोंग्यानं सांगितलंय, म्हणून ही सगळी दिवसभर थांबलीयत. आणि बोलायचं ते सगळं गाण्यात. भांडण गाण्यात, पाणी मागणं गाण्यात, 'जरा सरका' हेसुद्धा गाण्यात.

अर्धा तास झाल्यावर राजानंद कानाशी वाकले. "हे लोक बोलतच न्हाईत का?"

"न्हाई बोलत वाटतं."

"म्हंजे जलसाच की. फक्त लाईटबिल जास्त."

नाटक संपलं, पण जादा गाडी काही आली नाही. दिवे विझत गेले, माणसं बसलेलीच राहिली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ताई मात्र सरळ विंगेत शिरल्या.

"साक्षी कोण?"

चोवीस-पंचवीसची एक मुलगी पुढं आली. गळ्यात गिटारचा पट्टा, कपाळावर घाम. तिनं ताईंना पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझा आवाज कुणाला इचारून घेतला?" ताई म्हणाल्या.

साक्षी जाफराबादचीच, माहोरा रोडची. चार वर्षं रोज जालन्याला कॉलेजला ये-जा केलेली. तिनं आधी ताईंचे पाय धरले आणि मग भडाभडा सांगून टाकलं. स्टँडवर बसून तिनं मोबाईलवर हाळी रेकॉर्ड केली होती. विचारायला तीनदा केबिनपर्यंत आली होती, पण धीर झाला नाही.

"तुम्ही रागावाल म्हणून भेव वाटलं, मावशी. पण खरं सांगू का? नाटक आधी लिहिलंच न्हाई मी. आधी तुमची ती जालन्याची हाळी. ती डोक्यातून जाईना. तिच्यावर पहिलं गाणं बांधलं, आन् मंग बाकीचं सगळं त्या गाण्याच्या मागं आलं. गाडीच्या मागं डबे आल्यासारखं."

"एसटीला डबे नसतेत," ताई म्हणाल्या. पण आवाजातला ताठा गेला होता. "आता चोरी केलीच हाय तर नाव टाक माझं. बेबीनंदा राजानंद मगरे. पूर्ण."

पुढच्या प्रयोगापासून जाहिरातीत त्यांचं नाव आलं. राजानंदांनी ती जाहिरात छापून घेऊन घरात दाराच्या वर लावली, आणि पोस्टात जाऊन जुन्या सोबत्यांनाही वाटली.

नाटकाचे सतरा प्रयोग झाले. मग जालन्याचा जीशान आला. हा पुण्याला सिनेमा शिकून परतलेला मुलगा, तिशीचा असेल, दाढी राखलेला, बोलताना दोन्ही हात हलवणारा. त्याला 'जादा गाडी'चा सिनेमा करायचा होता. साक्षी तयार झाली आणि दोघांची भांडणंही त्याच दिवशी सुरू झाली. सिनेमा म्हणजे नुसतं नाटक शूट करणं नव्हे, असं जीशानचं म्हणणं. नाटकात पुठ्ठ्याचं स्टँड चालतं, सिनेमात खरं पाहिजे. नाटकात भोंग्यातून नुसता आवाज येतो, सिनेमात तो आवाज काढणारी बाई दिसली पाहिजे, तिचं एक स्वतःचं गाणं पाहिजे. आणि सर्वांत मोठा वाद शेवटाचा. तो म्हणायचा, सिनेमात गाडी यावी. साक्षी म्हणायची, गाडी आली तर नाटकाचा जीवच गेला.

शूटिंगच्या आधी गाणी रेकॉर्ड करायची होती. केबिनमधल्या बाईचं गाणं पुण्याच्या एका शिकलेल्या गायिकेनं म्हटलं. छान म्हटलं. साक्षी आणि जीशान दोघांनी दहा वेळा ऐकलं आणि बहुधा पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं: बाई गोड आहे, पण तिच्या सांगण्यावरून कुणी गाडीत चढणार नाही.

म्हणून ते दोघं एका शनिवारी संध्याकाळी ताईंच्या घरी आले. राजानंदांनी भजी तळली. साक्षीनं विषय काढला, आणि ताईंनी हातातली भजी ताटात परत ठेवली.

"मी गात न्हाई."

"मौसी, एकच गाना है. तीन मिनट," जीशान म्हणाला.

"तीन मिनट असू दे न्हाई तर तीन तास. गळा गेलाय माझा, सोळाव्या वर्षीच. घरात इचारा."

राजानंद झारा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "गळा गेला असं वाटूरच्या लोकांनी ठरवलं. जाफराबादच्या लोकांना कुणी इचारलं का?"

 मग साक्षीनं फोनवर गाण्याची चाल वाजवली. नुसती गिटार, शब्द नाहीत. ताई ऐकत बसल्या. दुसऱ्यांदा वाजवायला सांगितली. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचं बोट ताटाच्या कडेवर ठेका धरू लागलं, हे राजानंदांनी पाहिलं, आणि ते भान विसरले तशी मागं कढईत चार भजी करपली.

"ह्या गाण्यात मी काय सांगून राह्यले?" ताईंनी विचारलं.

"जादा गाडी लागली, असं," साक्षी म्हणाली.

"आन् लागती का?"

साक्षी आणि जीशाननं एकमेकांकडं पाहिलं. साक्षी म्हणाली, "न्हाई मावशी. शेवटी येत न्हाई. तेच तर दुःख हाय ना."

"मंग मला न्हाई जमायचं," ताई म्हणाल्या. "लोक दिवसभर बसलेत. लेकरं हायत, म्हाताऱ्या हायत. मी भोंग्यातून सांगायचं गाडी लागली, आन् गाडीच न्हाई? माझ्या स्टँडवर असं चालणार न्हाई. गाडी येत असंल तर गाईन."

जीशाननं दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं हसला. साक्षीनं कपाळाला हात लावला. ताईंनी तिच्याकडं भजी सरकवली. शेवटी ती म्हणाली, "बरं. येऊ द्या गाडी." तिनं तिथंच, ताटावर बसल्या बसल्या, शेवटचं कडवं नव्यानं लिहिलं.

आठवड्याभरानं संभाजीनगरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग ठेवलं. ताईंनी रजा टाकली, नवी साडी नेसल्या, लवंगांची पुडी घेतली. आत गार हवा, भिंतींना स्पंज, कानावर हेडफोन, पुढं काच. गिटार सुरू झाली आणि ताईंच्या तोंडून आवाजच येईना. आला तो शाळेतल्या प्रार्थनेसारखा, सरळ आणि भ्यालेला. दुपारपर्यंत वीस-पंचवीस वेळा करून पाहिलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. राजानंदांनी बाहेरून काचेवर बोटांनी 'शाब्बास' असं लिहिलं, ते आतून उलटं दिसत होतं.

"पाहिलं ना?" त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "सांगत होते मी."

जीशाननं विचारलं, "मौसी, स्टँडवर बोलते वक्त आपको क्या दिखता है?"

"काय म्हंजे? गाडी दिसती. माणसं दिसतेत. कोण झोपलंय, कोण लघवीला गेलंय, कुणाची पिशवी राह्यली, सगळं दिसतं. इथं काय हाय? मी कुणाला सांगू?"

जीशाननं टेबलावर हात आपटला. "बस. सामान उठाओ."

आगारप्रमुख रामराव साहेबांची परवानगी घेतली आणि पुढच्या मंगळवारी जीशान साक्षीसह माईक, लॅपटॉप, वायरींचं गुंडाळं घेऊन जाफराबादच्या केबिनमध्ये दाखल झाला. अट एकच: ड्यूटी ड्यूटीच्या जागी. गाडी लागली की गाणं थांबवून हाळी द्यायची, मग परत गाणं.

तो दिवस मी विसरणार नाही. लग्नाची मोठी तीथ होती. आमच्या शाळेला सुट्टी होती, पण मलाही टेंभुर्णीला एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नाला जायचं होतं. स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भरजरी साड्या, फेटे, आहेराची पातेली, रडणारी लेकरं. येणारी प्रत्येक गाडी आधीच भरून येत होती. टेंभुर्णीची पुढची गाडी यायला अजून पाऊण तास होता.

केबिनमध्ये काय चाललंय, हे बाहेर आम्हाला ठाऊक नव्हतं. ताईंनी चिखलीच्या गाडीची हाळी दिली, कानाला हेडफोन लावले, डोळ्यांपुढं सगळं स्टँड होतं, आणि साक्षीनं लॅपटॉपवर गिटार सुरू केली. गडबड एवढीच झाली की चिखलीची हाळी दिल्यावर भोंग्याचं बटण बंद करायचं ताई विसरल्या.

त्यामुळं गिटार फक्त त्यांच्या कानात वाजत होती. आम्हाला ऐकू आला तो नुसता त्यांचा आवाज, लिंबावरच्या भोंग्यातून:

"जादा गाडी लागली, लागली, फलाट नंबर दोन,
ज्याला ज्याला जायचं त्याला अडवणार कोण?"

सगळ्या माना भोंग्याकडं वळल्या. मग पुंजारामबाबा, टेंभुर्णीचे, ऐंशीच्या घरातले, काठी उचलून उभे राहिले. "लागली! जादा गाडी लागली!" आणि धावले. त्यांच्या मागं आम्ही. खोटं कशाला सांगू, मीही आहेराचं पाकीट खिशात कोंबून पळालो. साठ-सत्तर माणसं फलाट नंबर दोनवर जाऊन आदळली. फलाट रिकामा. तिथं एक कुत्रं झोपलं होतं, ते उठून गेलं.

आणि वरून आवाज येतच होता, जाडसर, भरड, मोकळा. मी इतकी वर्षं तो आवाज ऐकत होतो, पण तो असा सुटलेला कधी ऐकला नव्हता. लोक गाडी शोधत होते आणि शोधता शोधता ऐकतही होते. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, "गाडी कुठं का असंना, बाई गाऊन तर छान राह्यली."

तेवढ्यात ताईंना काचेतून आमची गर्दी दिसली. गाणं तुटलं. भोंग्यातून एकदम घाबरलेला आवाज आला, "अहो, थांबा, थांबा! गाडी न्हाई लागली! गाणं हाय ते!"

पुंजारामबाबांनी काठी केबिनकडं रोखली. "गाणं म्हण की माय! पण गाडी बी लाव!"

"गाडी लावा!" मागून कुणीतरी ओरडलं. "गाडी लावा! गाडी लावा!" सगळ्यांनी धरलं. कुणी फलाटाच्या लोखंडी पाइपवर डबा बडवू लागलं, कुणी आहेराच्या पातेल्यावर ताल धरला. राग नव्हता त्यात, लग्नाच्या दिवसाची मस्ती होती. एका पोरीनं फुगडीचा फेर धरला. केबिनच्या खिडकीतून जीशानचा हात बाहेर आला, त्या हातात माईक होता. आतून तो साक्षीला सांगत होता, "मत रोक! बिलकुल मत रोक! चलने दे!"

आरडाओरडा ऐकून रामराव साहेब ऑफिसातून बाहेर आले. आधी केबिनकडं पाहिलं, मग आमच्याकडं. ताई हेडफोनसकट दारात येऊन उभ्या राहिल्या. तोंड एवढंसं झालं होतं.

"साहेब, चूक झाली. बटण राह्यलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बेबीनंदाबाई, तुम्ही सांगितलं जादा गाडी लागली?"

"सांगितलं साहेब. म्हंजे, गायलं."

"मग लावावी लागेल. भोंग्यावरून सांगितलेलं खोटं कसं पाडायचं?" त्यांनी मागं वळून हाक मारली. "रशीदभाई! वर्कशॉपातून आलेली ती गाडी काढा. टेंभुर्णी, जादा."

रशीदभाईंनी चहाचा कप तिथंच ठेवला. दोन मिनिटांत गाडी वळण घेऊन फलाटाला लागली आणि लोकांनी असा गलका केला की लिंबावरचे कावळे उडाले. ताई धावत केबिनमध्ये गेल्या. कानात गिटार अजून फिरत होती, साक्षीनं बंद केलीच नव्हती. ताईंनी माईक धरला आणि ड्यूटीची खरीखुरी हाळी दिली: टेंऽऽभुर्णीला जाणारी जादा गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. ती हाळी नेमकी ठेक्यावर पडली. आणि तिथं न थांबता, कुणी न सांगता, त्या पुढच्या कडव्यात शिरल्या.

आम्ही गाडीत बसलो होतो, काही लटकलो होतो. रशीदभाईंनी इंजिन सुरू केलं नाही. गाणं पूर्ण होऊ दिलं, मग डबल बेल घेतली.

सिनेमात जे गाणं आहे ते हेच. पुन्हा रेकॉर्ड केलंच नाही. मधलं 'अहो, थांबा, गाणं हाय ते' हेसुद्धा साक्षीनं काढू दिलं नाही. पातेल्याचा ताल आहे, पुंजारामबाबांची हाक आहे, आणि 'गाडी लावा'चा कोरस आमचा आहे. जीशाननं सगळ्यांची नावं लिहून न्यायचा प्रयत्न केला, पण गाडी सुटली होती. मग पडद्यावर 'कोरस: टेंभुर्णीच्या जादा गाडीचे प्रवासी' असं लिहायचं ठरलं.

शूटिंगला केबिनमधल्या बाईचं काम करायला पुण्याहून एक नटी आली. दोन दिवस ती ताईंच्या शेजारी स्टुलावर बसून होती. माईक कसा धरतात, हाळी देताना नजर कुठं असते, सगळं पाहिलं. जाताना ती म्हणाली, "ताई, तुमच्या आवाजाला माझं तोंड पुरायचं नाही." ताईंनी तिला लवंगांची पुडी दिली.

सिनेमाच्या आधी महिनाभर गाणी फोनवर आली. ताई आणि राजानंद ती ऐकवायला वाटूरला गेले. भिवाबाबा चौऱ्याऐंशीचे. ओट्यावर बसले होते. राजानंदांनी फोन त्यांच्या कानाशी धरला. बाबांनी डोळे मिटले. गाणं संपलं.

"ढोलकी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"ढोलकी न्हाई बाबा. ड्रम हाय," ताई म्हणाल्या.

"लाव परत."

तीनदा ऐकलं. शेजारपाजारचे जमले. बाबांनी ताईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. मग म्हणाले, "आवाज तुझा हाय. सूर बी बराबर हाय. पण तो कोरस कुणाचा हाय? सगळे बेसूर."

ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्या कोरसमध्ये होतो याची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "म्हणून तर सांगून राह्यले."

जालन्याला सिनेमा लागला त्या शुक्रवारी दुपारच्या खेळाला जाफराबादहून आम्ही चाळीसजण तरी गेलो. रशीदभाईंनी खैरुनबी भाभींना आणलं होतं, मदीहा होती, पुंजारामबाबा नवं धोतर नेसून आले होते. आपलं स्टँड एवढं मोठं, एवढं उजेडाचं दिसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. लिंबाचं झाड आलं तशा शिट्ट्या, चहाचं दुकान आलं तशा शिट्ट्या. पडद्यावर सगळी माणसं गाण्यातच बोलत होती आणि दहा मिनिटांत त्याचं नवल वाटेनासं झालं. मध्यंतरात आमचे लोक समोसेसुद्धा चालीवर मागत होते.

मग ते गाणं आलं. पडद्यावर नटीनं माईक धरला, तोंड उघडलं, आणि चहूबाजूंच्या स्पीकरांतून ताईंचा आवाज आला. अक्षर न् अक्षर स्वच्छ. थिएटरचा भोंगा काहीच खात नव्हता. गिटार खालून वर चढत गेली आणि आवाज तिच्या पाठीवर बसून निघाला. पुंजारामबाबांची हाक आली तेव्हा बाबा खुर्चीत उभे राहिले आणि मागं वळून सगळ्यांना हात जोडले. 'गाडी लावा' सुरू झालं तसे आम्ही चाळीसजण पुन्हा एकदा ओरडू लागलो, आणि जालन्याचे अनोळखी लोकही आमच्यात मिसळले. कुणी खुर्चीच्या दांडीवर ठेका धरला. पडद्यावर गाडी वळण घेऊन आली, लाल, धुळीनं माखलेली, खरी.

मी ताईंच्या मागच्याच रांगेत होतो. राजानंद उभे राहून मोठमोठ्यानं रडत होते आणि त्याच वेळी टाळ्याही वाजवत होते. शेजारच्या प्रत्येकाला सांगत होते, "आमच्या घरचा आवाज हाय हा. आमच्या घरचा."

ताईंनी हात ओढून त्यांना खाली बसवलं.

"गप बसा हो," त्या म्हणाल्या. "दुसरं कडवं ऐकू द्या मला."